कलईखालचं तांबं

जळालेल्या मोटरीचा वास मला कधी वाईट वाटला नाही. त्या वासावर माझं घर चाललं. मलकापुरात हायवेच्या अलीकडं माझं दुकान, दहा बाय बाराचं, आणि त्यात एकेचाळीस वर्षं मी विहिरीवरच्या मोटरी भरल्या. मोटर भरणं म्हणजे जळालेली तार उपसून काढायची, खाचा खरवडायच्या, कागद घालायचा आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून बसवायचे. वेढे कमी पडले की मोटर तापते, जास्त झाले की पाणी ओढत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, पण वेढ्यांच्या मोजणीत मला चुकवणारा माणूस या तालुक्यात झाला नाही. याला कोणी फुशारकी म्हणालं तरी मला चालेल.

आम्ही बौद्ध. दुकान टाकलं तेव्हा मोठ्या वावरवाल्यांच्या मोटरी माझ्याकडं यायच्या, कारण जवळ दुसरं दुकान नव्हतं. पण मोटर आणणारा माणूस उभ्यानंच बोलायचा. स्टूल पुढं केलं तर म्हणायचा, घाई आहे. चहा सांगितला तर म्हणायचा, आत्ताच पिऊन आलो. दुसऱ्या कोणी भरलेली मोटर परत आली तर लोक म्हणायचे मिस्त्री चुकला. माझी परत आली असती तर माझी अख्खी वस्ती चुकली असती. म्हणून मी ठरवून टाकलं होतं की आपली चूक होत नाही. झाली तरी होत नाही. व्होल्टेज कमी होतं, विहिरीत गाळ होता, तुम्ही फ्यूजच्या जागी खिळा ठोकला होता, असं काहीतरी निघायचंच. एकेचाळीस वर्षं असं बोललं की ते हाडात उतरतं. मग समोर कोण उभं आहे हे तोंड पाहत नाही.

मला एकच मुलगी. तिची आई लवकर गेली. शाळेतून आली की ती दुकानात बसायची. मी हँडल फिरवायचो आणि ती वेढे मोजायची. चुकली तर मी मारत नसे. मी अख्खी कॉईल उकलायचो आणि पहिल्यापासून सुरू करायचो. एकदा ती रडत रडत मोजत होती. रडताना आकडा चुकला, म्हणून मी पुन्हा उकलली. दाराशी उभं गिऱ्हाईक म्हणालं, "लेकरू हाये ते, सोडा ना आता."

"मोटर लेकरू पाहून फिरत नाई," मी म्हटलं.

त्या दिवशी तीनदा उकलली. चौथ्यांदा तिनं बरोबर मोजलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी शाबास म्हटलं नाही. बरोबर मोजण्यात शाबासकी कसली, असं मला वाटायचं. आजही अर्धं तसंच वाटतं.

ती शिकत गेली. कॉलेज झालं, मोठ्या शहरातल्या एका संस्थेत डॉक्टरेटला लागली. काय करते म्हणून लोक विचारायचे आणि मला सांगता यायचं नाही, म्हणून एकदा ती सुट्टीत आली तेव्हा मी तिला स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "सांग. पन मले समजन असं सांग. इंग्रजी झाडू नको."

तिनं समोरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "बाबा, अनूच्या पोटात गाभा असते. काही धातूईचा गाभा म्हन्जे बारीकसं चुंबकच. मोठ्या चुंबकात तो धातू ठेवला का सगळे गाभे रांगेनं उभे राह्यतात. मंग भोवतालच्या कॉईलमधून एक ठोका देयाचा, रेडिओच्या लहरीचा. गाभे हालतात अन् हालता हालता सूर देतात. तो सूर तीच कॉईल आयकते."

"बाजारात मडकं वाजवून पाह्यतो तसं."

"तस्संच. सुरावरून समजते का गाभ्याच्या शेजारी काय चालू आहे. चुंबकपना किती, विजेचे कन कसे वागून राह्यले."

याला तिनं मराठीत एक लांबलचक नाव सांगितलं, अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन. मी ते दोन दिवस पाठ केलं आणि गिऱ्हाइकांना ऐकवलं. पण मला खरं धरून ठेवलं ते पुढच्या गोष्टीनं. ती म्हणाली की काही धातू अतिशय थंड केले की त्यातून करंट जातो, पण तार तापत नाही. जराही नाही.

"म्हन्जे जळतबी नाई?"

"तशी तापून नाई जळत."

"मंग बापाचं दुकान बंद करून राह्यली म्हन तू."

ती हसली. मी हसलो नाही. ज्या गरमीवर मी तिला वाढवलं ती गरमीच नसलेली तार माझी पोरगी शोधत होती.

तिच्याकडं एक दाणा होता, तुरीच्या डाळीएवढा, तांबं आणि आणखी दोन धातू मिळून वितळवून केलेला. तो थंड झाला की त्यातले विजेचे कण जोड्या करतात. नेहमीच्या जोडीत एकाचं तोंड वर आणि दुसऱ्याचं खाली असतं, आणि अशा जोड्या जमल्या की दाण्यातल्या तांब्याचा सूर घसरतो. तिला एवढंच पाहायचं होतं की सूर घसरतो की नाही.

"अन् नाई घसरला तं?"

"तं जोड्या येगळ्या आहेत. दोघाईचं तोंड एकाच बाजूनं. मंग बाबा, दुनिया माह्याकडं पाह्यल."

पुढच्या थंडीत, गावात कापूस घरी यायच्या दिवसांत, ती एक प्लास्टिकची डबी घेऊन आली. डबीत हातभर चांदीची तार होती, केसाहून थोडी जाड. दाण्याभोवती बसेल अशी कॉईल हवी होती. एकोणीस वेढे, आणि वेढ्याला वेढा लागता कामा नये. त्यांच्याकडं कॉईल करणारा माणूस निवृत्त झाला होता आणि बाकीच्यांचे वेढे एकमेकांना चिकटत होते.

"मॅडमले मी सांगतलं," ती म्हणाली, "माह्या बाबासारखा हात कोनाचाच नाई."

मॅडम म्हणजे तिच्या गाईड, पुण्याच्या. एवढ्या मोठ्या बाईसमोर माझ्या हाताचं नाव निघालं, हे ऐकून मी डबी तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

"आयका ना बाबा. दान्यात तांबं आहे अन् आपल्याले त्याच तांब्याचा सूर पायजे. कॉईल तांब्याची असली तं तेबी बोलते, अन् लय मोठ्यानं बोलते. म्हनून चांदी. तांबं बिल्कुल नाई."

"समजलं. मी काय गधा आहो काय?"

दोन दिवस ती हिवरा आश्रमाकडं मावशीला भेटायला गेली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, भिंग लावलं आणि ड्रिलच्या बारीक दांड्यावर चांदी गुंडाळायला घेतली. चांदी मी कधी हातात धरली नव्हती. तांब्याला ओढ द्यावी लागते, नाहीतर ते बसत नाही, आणि माझ्या बोटांना तीच ओढ माहीत. अकराव्या वेढ्याला तार तुटली. मी पुन्हा धरली. सोळाव्या वेढ्याला तुटली. उरलेल्या तुकड्यांत एकोणीस वेढे होत नव्हते.

फोन समोर होता. उचलून म्हणायचं होतं की तार तुटली, दुसरी आण. पण ती ते मॅडमला सांगणार. मॅडम काही बोलणार नाही, नुसती मान हलवणार, आणि ती मान हलवलेली मला मलकापुरात बसून दिसत होती.

माझ्याकडं जुन्या केबलीतून काढलेली तार होती. तांब्याचीच, पण कलई चढवलेली, पांढरी शुभ्र. शेजारी ठेवली तर कोणी चांदी म्हणेल. तिनं तांबं नको म्हटलं होतं हे मी विसरलो नव्हतो. माझा हिशेब वेगळा होता. आमच्या घरी पितळेचं पातेलं होतं. कलई उडाली की त्यात ताक कळकायचं, हिरवं पडायचं. मग कलईवाला यायचा, भाता मारायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा, आणि त्याच पातेल्यात माझी आई आंबट कढी करायची. काही होत नसे. कलई एकदा बसली की आतलं बाहेर येत नाही, हे मी लहानपणापासून जिभेनं पाहिलेलं. तांब्याचं तोंड बंद झालं की ते बोलेल कुठून, असं मी मनाला सांगितलं. मन लगेच हो म्हणालं. त्याला तेच हवं होतं.

एकोणीस वेढे झाले. एकाला एक लागला नाही. चांदीचे तुकडे मी भंगाराच्या डब्यात तांब्याच्या कातरणात टाकले आणि तो डबा त्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिला.

ती परत आली आणि भिंगातून एकेक वेढा पाहिला. मग माझी बोटं धरून स्वतःच्या कपाळाला लावली. "मशीनलेबी नाई जमत असं."

"मशीनले काय जमते?" मी म्हटलं. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. तिच्या कपाळाला लागलेली बोटं मी मागं घेतली नाहीत.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. "बाबा, सूर नाई घसरला."

"म्हन्जे चांगलं का वाईट?"

"लय चांगलं. लयच चांगलं."

तिचा लेख छापून आला. त्यात कॉईल चांदीची आहे असं लिहिलं होतं, तसं लिहावं लागतं म्हणे. आमच्या गावात विहारासमोर मांडव टाकून तिचा सत्कार झाला. ज्या बागायतदाराच्या घरच्या मोटरी मी पहिल्या वर्षापासून भरल्या तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. बशीत ओतून चहा प्याला. मी त्या बशीकडं पाहत होतो. मग माइक माझ्या हातात आला आणि मी म्हटलं, "डोकं पोरीचं आहे, पन कॉईल माही आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीनंही वाजवल्या.

मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं तसाच दाणा घेऊन तोच प्रयोग केला. त्यांचा सूर घसरला. त्यांनी कळवलं की तुमचा जो सूर आहे तो साध्या तांब्याच्या सुराच्या बरोबर जागी बसलेला आहे. मॅडमनं कॉईल काढून कापायला लावली. आत लाल निघालं. तार तांब्याची, आणि तांबं तर कितीही थंड केलं तरी त्यात त्या जोड्या होतच नाहीत. त्याचा सूर घसरणार कशानं? दाण्याचा आवाज बारीक होता, तो तारेच्या आवाजाखाली दबून गेला होता. माझी पोरगी वर्षभर माझी तार ऐकत बसली होती.

हे मला नंतर समजलं. आधी आला तो मॅडमचा फोन.

त्या वेळी दुकानात तोच बागायतदार बसला होता, आणि आज चहा पिण्याच्या मनःस्थितीत नव्हता. त्याची मोटर मी भरून दिली होती आणि ती पंधरा दिवसांत जळून परत आली होती. आमच्या धंद्यात सर्वांत घाण आरोप म्हणजे तार बदलली. तांब्याच्या नावाखाली अॅल्युमिनियम भरलं. त्याच्याबरोबर आणखी दोघं होते आणि तो त्यांना ऐकू जाईल असं मला म्हणत होता, "मिस्त्री, खरं सांगा, तार कोनती भरली? पयले तुमची मोटर धा धा वर्षं चालायची. आता वय झालं म्हना, नाई तं मन बदललं म्हना."

"व्होल्टेज पाहा आपलं आधी," मी म्हणत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मला कमी ऐकू येतं म्हणून मी तो नेहमीसारखा स्पीकरवर टाकला.

"नमस्कार काका. तुमच्या मुलीच्या संदर्भात एकच विचारायचं होतं. कॉईलसाठी तिनं दिलेली चांदीचीच तार तुम्ही वापरलीत ना? की दुसरी कुठली?"

बागायतदार मांडीवर हात मारून हसला. "आयका! तिकडूनबी तारेचीच तक्रार!"

बाकीचे दोघंही हसले. चांदी गिळली का, असंच ती बाई मला विचारते आहे असं मला ऐकू आलं, आणि तेही यांच्यासमोर.

"चांदीच वापरली," मी म्हटलं. "दिली तशी. मी तार बदलनारा मानूस नाई."

"नक्की ना काका? फार महत्त्वाचं आहे."

"चाळीस वर्षं झाली मॅडम. दुसऱ्याची तार खाऊन मी पोरगी नाई शिकवली."

"ठीक आहे," मॅडम म्हणाली. "धन्यवाद." फोन बंद झाला. मी बागायतदाराकडं पाहिलं. त्याचं हसू गेलं होतं. मला बरं वाटलं, हे मी इथं लिहून ठेवतो.

पुढच्या आठवड्यात पोरगी आली. घरात न जाता सरळ दुकानात आली आणि स्टुलावर बसली. खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या बाकावर उघडली. आत कापलेली कॉईल होती. तिनं माझंच भिंग तिच्यावर ठेवलं.

"पाहा."

मी पाहिलं नाही.

"मॅडमनं मले इचारलं, लाल कसं निघालं. मी सांगतलं, बाबानं तार बदलली असन, चांदी तुटली असन. मंग तिनं तुमाले फोन केला. अन् तुमी नाई म्हनले."

"तिकडंच कोनी बदलली असन."

"कोनी? एकोनीस येढे, एकाले एक लागत नाई. असा हात तिकडं कोनाचा आहे ते सांगा. नाव सांगा मले."

माझ्याच हातानं मला पकडलं होतं, आणि खरं सांगतो, त्यातही थोडं बरं वाटत होतं.

"बाबा, चूक झाली म्हनलं तं लोक सोडतात. माफ करतात. पन त्याईच्या हिशेबानं मले माहीत होतं. मीच तांबं लावलं अन् चांदी लिहिलं. वरून बापाचं नाव पुढं केलं. चौकशी बसनार आहे." ती थांबली. "तुमी एक फोन करा. बस. येवढंच मांगाले आली."

यावर दुसरा कोणताही बाप काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "पोटच्या बापाले चोर ठरवून राह्यली तू. लहानपनापासून तुही हेच सवय. मोजता येत नाई अन् दोष हँडलचा."

तिनं कधी हँडलला दोष दिला नव्हता. ती रडायची आणि मोजायची, एवढंच करायची. मी ते वाक्य कुठून काढलं मला माहीत नाही. पण काढलं, आणि मागं घेतलं नाही.

तिनं पुडी बांधली. घरी जाऊन भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी केली, झाकून ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली.

तीन आठवडे गेले. बागायतदाराची मोटर तशीच पडली होती. एका दुपारी ती उघडली आणि जळालेले वेढे उपसता उपसता सवयीनं मोजले. एका खाचेत दोन कमी होते. पुन्हा मोजले. दोन कमी. तिसऱ्यांदा तोंडानं मोठ्यानं मोजले, ती मोजायची तसे. दोनच कमी. माझ्या हातानं भरलेली मोटर, आणि दोन वेढे कमी. दुकानात कोणी नव्हतं.

बागायतदार आला तेव्हा मी त्याला मोटर नव्यानं भरून दिली आणि सांगितलं की व्होल्टेज कमी होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या गाडीत बसलो.

संस्थेच्या फाटकावर अर्धा तास थांबलो. मॅडमच्या खोलीत गेलो तेव्हा तिथं चौकशीचे आणखी दोघं जण होते, आणि भिंतीला टेकून माझी पोरगी उभी होती. मी येणार हे तिला माहीत नव्हतं. मॅडम बोलायला फार चांगली. बसा म्हणाली, पाणी दिलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चांदी दोनदा तुटली, केबलीतली तार घेतली, फोनवर खोटं बोललो. एकेक शब्द दगडासारखा निघत होता. असं मी आयुष्यात कोणापुढं बोललो नव्हतो, आणि बोलताना मला वाटत होतं की एवढं बोलल्यावर आता काम झालंच पाहिजे.

मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. "तुटलेले तुकडे आहेत का काका?"

"भंगारात गेले."

"कोणी पाहिले होते?"

"कोनीच नाई."

"मी तुमच्या जागी असते तर मीही आले असते," मॅडम म्हणाली. "पण मला सांगा, त्या दिवशी फोनवर खोटं बोलायचं तुम्हाला काय कारण होतं? स्वतःच्या मुलीला बुडवायला कोणी खोटं बोलतं का? आज मात्र कारण आहे."

मला कारण माहीत होतं. बागायतदाराचं हसू, बशीतला चहा, उभ्यानं बोलणारी माणसं, चाळीस वर्षं. पण ते त्या खोलीत कसं मांडायचं? मी म्हटलं, "दुकानात लोक होते." तेवढंच निघालं. चौकशीच्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. माझी बोली त्यांना गमतीची वाटत होती हेही मला दिसलं.

मग त्यातला एक जण म्हणाला, "चांदी यांच्या हातून तुटते म्हणतात, तर करूनच दाखवू द्या की."

मॅडमनं कपाटातून तार काढली. तीच जाडी, तीच चांदी. ड्रिलचा दांडा दिला, भिंग दिलं. मी बसलो.

आता सगळं सोपं होतं. तार तुटली की पोरगी सुटली. जरा जास्त ओढ, बस.

पण दोनदा तोडल्यावर माझ्या बोटांना चांदी समजली होती. तिला ओढायचं नाही, नुसतं वळवायचं, ती आपल्या वजनानं बसते. अकरावा वेढा गेला. मागं सगळे वाकले होते. शिकलेली माणसं, माझ्या हाताकडं पाहत होती. सोळाव्याला मी थांबलो. इथं तोडायची असं मी बसतानाच ठरवलं होतं. बोटाच्या पेराला तार लागत होती, वेढे एकसारखे पडले होते, दोन वेढ्यांमधून उजेड दिसत होता. मी ती तोडू शकलो नाही. सतरा. अठरा. एकोणीस.

मॅडमनं कॉईल भिंगाखाली धरली. "सुरेख," ती म्हणाली. नुसतं एवढंच. आणि माझा ऊर भरून आला. तोंडावर ते दिसलं असणार, कारण पोरगी माझ्या तोंडाकडंच पाहत होती.

"आधी दोनदा तोडली म्हनून आज नाई तुटली," मी म्हटलं. "तोडूनच शिकलो मी."

"हो काका," मॅडम म्हणाली. आजारी माणसाला म्हणतात तसं. एक जण काहीतरी लिहून घेत होता.

बाहेर पोरगी माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. "सोळाव्या येढ्यावर तुमचा हात थांबला होता," ती म्हणाली.

"हाव."

"मंग?"

"तार चांगली बसून राह्यली होती."

तिनं मान हलवली. रागावली नाही. "मले तवाच समजलं होतं का तुमी नाई तोडनार," म्हणाली आणि मला रिक्षात बसवून दिलं. रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं, मला पाण्याची बाटली घेऊन दिली, सगळं नीट केलं.

लेख मागं घेतला गेला. तिची डॉक्टरेट झाली नाही. आता ती जळगाव जामोदला एका कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवते. दर रविवारी फोन करते. गोळ्या घेतल्या का, जेवलात का, डोळ्यात औषध टाकलं का. तार, कॉईल, दाणा यांतला एक शब्दही तिनं पुन्हा काढला नाही, आणि मी काढला की रेंज जाते. मी एकदा मोठ्या हिमतीनं म्हटलं, माझं चुकलं. "बरं," ती म्हणाली, "अन् सायंकायची गोळी जेवल्यावर घेजा."

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या कॉलेजच्या बोअरची मोटर जळाली. हे मला तिनं नाही सांगितलं, तिकडून एसटीनं आलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. मोटर कुठं द्यायची हे तिच्यावरच सोपवलं होतं. मी दोन दिवस बाक साफ करून ठेवला. तिनं ती तिथं जळगाव जामोदलाच दिली, कालपरवा दुकान टाकलेल्या एका मिस्त्र्याकडं. त्यानं ती अशी भरली की महिन्याभरात पुन्हा जळाली. मला वाटलं, आता तरी. तिनं ती पुन्हा त्यालाच दिली.